डब्याला कोण सांगणार?

विजू, तू माझ्याशी खोटं बोललीस. आणि ते उघडकीला आलं ते तुझ्याच दहाव्याला, नदीकाठी, सगळ्या भावकीसमोर, जेव्हा तुझ्याशी भांडायची सोयच उरली नव्हती. हे असलं तुलाच जमावं. प्रत्येक वादात शेवटचा शब्द तुझा असायचा, तो तू याही वेळी सोडला नाहीस.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलतायत की सगळे. तू किती साधी होतीस, किती झिजलीस, कुणाला कधी दुखावलं नाहीस. हे शेवटचं ऐकून तर मला हसूच आलं. तू मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून दुखावत आलीस. म्हणून मी लिहायला बसले आहे ती चांगलं बोलायला नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, ते मला पुरं करायचंय. मधे बोलू नकोस.

त्या इंजिनीअरिंगच्या वर्गात मुळशीच्या आपण दोघीच होतो. तू मालेची, मी कासारसाईची. बाकीच्यांना मुळशी म्हणजे धरण, धबधबा आणि रविवारची सहल. आपल्याही घरी माणसं राहतात, त्यांना पोरी असतात आणि त्या पोरींना इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं असतं, हे त्यांच्या गावी नव्हतं. खरं तर एवढ्यावरून आपली गट्टी जमायला हवी होती. पण प्रयोगशाळेत यंत्र एकच आणि ते दोघींनाही आधी हवं, म्हणून आपली ओळखच भांडणातून झाली. तू म्हणालीस, "कासारसाईची म्हंजी निम्मी पुण्याचीच तू. तुला कशाला घाई?" तेव्हापासून मी तुझ्या लेखी निम्मी पुण्याचीच राहिले.

पुढं मी शिकवायला लागले आणि तू मोबाइलच्या एका कंपनीत गेलीस. टॉवर कुठं उभे करायचे हे ठरवणाऱ्या खात्यात. चांगला पगार, गार हवेची खोली. एका संध्याकाळी तू माझ्याकडे आलीस आणि कासारसाईच्या धरणाच्या भिंतीवर बसून एकही शिवी न देता सगळं सांगितलंस, तेव्हाच मला कळलं की तू पेटली आहेस. तुमच्या नकाशात जिथं टॉवर परवडतो तो भाग हिरवा आणि परवडत नाही तो करडा दिसायचा. मुळशी धरणाच्या पलीकडच्या सगळ्या वाड्या करड्या. तुझी आत्या त्याच करड्या रंगात राहायची. तू साहेबाला तसं सांगितलंस, तर तो म्हणाला की तिथं माणसं थोडी आणि त्यांचं बोलणं त्याहून थोडं. आणि अलीकडच्या काठाला, जिथं शनिवार-रविवार बंगल्यांचे दिवे लागतात, तिथं एका मोसमात टॉवर उभा राहिला. आठवड्यातले पाच दिवस तो टॉवर मोकळ्या बंगल्यांना आणि वॉचमनच्या कुत्र्यांना रेंज देत उभा असायचा. कागदोपत्री तो परवडत होता. तू नोकरी सोडलीस त्याचं मला नवल वाटलं नाही. इतके दिवस केलीस कशी, याचं वाटलं.

मग तू मालेला परत आलीस, आणि महिनोन्महिने नुसती फिरत होतीस. तुझा धाकटा भाऊ प्रकाश मला फोन करून विचारायचा, हिला काय झालंय, ही रोज उठून कुणाच्या तरी गाडीत बसून कुठंतरी जाते. तू माणसांचं जाणं-येणं बघत होतीस. डेअरीची दुधाची गाडी सकाळी पलीकडच्या वाड्यांना वळसा घालून मालेत येते. मुक्कामाची एसटी संध्याकाळी आत जाते, रात्री तिथंच झोपते आणि सकाळी बाहेर पडते. आशाताई कमल आपल्या वाड्यांवर ठरल्या वारी फिरते. कोण कुणाला कुठं भेटतं, किती वेळा भेटतं, कोणत्या महिन्यात भेटत नाही, हे सगळं तू डोक्यात भरून घेतलंस आणि एक दिवस माझ्या ओट्यावर बसून म्हणालीस, "सुले, रेंज जात न्हाई तितं, पण मान्सं जात्यात की. निरोप मान्साच्या संगतीनं गेला तर काय बिगाडलं?"

बिघडत काहीच नव्हतं. जगात इतरत्र लोकांनी असे प्रयोग केले होते, मी त्यावर वाचलेलं होतं, आणि तुझ्याआधी मला हे सुचलं नाही याचा मला रागही आला होता. प्रत्येक वाडीत एक डबा. जेवणाच्या डब्याएवढाच, अंगणवाडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर. तसाच एकेक डबा दुधाच्या गाडीत, एसटीत, जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांत. वाडीतल्या माणसानं फोनवर निरोप लिहिला की तो भिंतीवरच्या डब्यात जाऊन बसायचा. गाडी आली की गाडीतल्या डब्यात उतरायचा आणि मालेच्या डेअरीत पोचला की तिथून रेंजवर पुढं. उलट दिशेचे निरोप, लॅबचे रिपोर्टसुद्धा, याच वाटेनं मागं. तातडी नाही, पण पोचतो. पोचल्यावर फोनमध्ये बैलांच्या घुंगरांचा आवाज. तो आवाज तू निवडलास आणि मी त्याला गावंढळ म्हटलं होतं.

खरी मेख होती ती कुणाच्या हाती काय द्यायचं याची. दारात आलेल्या पहिल्याच गाडीला निरोप द्यायचा, की थांबायचं? त्यासाठी डबा एक आकडा ठेवायचा. त्या आकड्याला कागदावर लांबलचक नाव होतं, तू त्याला भरवसा म्हणायचीस आणि मग मीही तेच म्हणायला लागले. एखादा वाहक भेटला की त्याच्यावरचा भरवसा वाढायचा. भेटला नाही की तो रोज थोडा उतरायचा. निरोप त्यालाच द्यायचा ज्याच्यावर भरवसा सगळ्यात जास्त. आणि प्रत एकच. चार गाड्यांतून चार प्रती पाठवल्या असत्या तर एखादी तरी लवकर पोचली असती, पण त्याला तू ठाम नाही म्हणालीस. कुणाच्या रक्तात काय आहे हे दहा गाड्यांतून फिरवायला ते काय लग्नाचं बोलावणं आहे, असं विचारलंस. तिथं तू बरोबर होतीस. हे मी तू असताना कबूल केलं नव्हतं, आता करते.

पण भरवसा उतरायचा किती वेगानं, यावर आपलं कधीच जमलं नाही. मी म्हणायची की लवकर उतरवा. वाहक आठ दिवस दिसला नाही तर डब्यानं त्याचा नाद सोडावा. तू म्हणायचीस सावकाश. इथं पाऊस लागला की माणूस घरात बसतं, सुतक आलं की घरात बसतं, लेकीच्या बाळंतपणाला गेलं की महिनाभर येत नाही, पण येतं. "मानूस दोन आठवडं आलं न्हाई म्हनून ते मेलं धरायचं व्हय?" असं तू मला डेअरीच्या दारात, दूध घालायला आलेल्या बायांसमोर विचारलंस. बाया हसल्या. मी म्हटलं, आणि खरंच मेलं तर? गाडी विकली, माणूस गाव सोडून गेला, तर डबा किती दिवस वाट बघत बसणार? त्यावर तुझं उत्तर तयारच होतं. माणसाला विसरायचं काम यंत्रावर टाकू नये. कुणी खरंच गेलं असेल तर कुणीतरी येऊन डब्याला तसं सांगेल. मी चिडून म्हटलं, "डब्याला कोण येणार सांगायला?"

तू खांदे उडवलेस आणि आकडा सावकाशवर ठेवलास. त्यानंतर प्रत्येक भेटीत मी तो विषय काढायची आणि प्रत्येक भेटीत तू मला चहा प्यायला बसवून तो टाळायचीस.

आता तुझ्या खोटेपणाबद्दल. आपला एक नियम होता, आणि विसरू नकोस, तो तुझाच होता. आपण दोघींनी स्वतः निरोप वाहायचे नाहीत. एकदाही नाही, कितीही अडलं तरी नाही. जे लोक तसेही जातात त्यांच्या जाण्यावर हे चाललं पाहिजे. आपण मधे पडलो तर डब्यांना आपली सवय लागेल, आणि मग ते जाळं राहणार नाही, आपली हमाली होईल. हे शब्द तुझे आहेत.

यंदा लावणीच्या दिवसांची मला धास्ती होती. लावणीत कोण कुठं जातंय? सगळी वाडी कंबरेत वाकून खाचरात. त्यात पलीकडचा रस्ता दोन जागी खचलेला, त्यामुळे दुधाची गाडी बाहेरच्या बाहेर फिरून जाणार आणि एसटी फाट्यावरूनच मागं वळणार. मला वाटलं होतं निरोप आठवडा आठवडा पडून राहतील. आणि माझ्या पडद्यावर आकडे यायला लागले ते असे सुरेख, की मी दोनदा तपासले. उन्हाळ्यापेक्षाही चांगले. सगळं काम बारा नंबरचा एक नवा वाहक करत होता. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, रेशनचा टेम्पो सुरू झालाय, रोज फेऱ्या मारतोय, त्याला डबा दिलाय.

मी मान्य केलं. का नाही करणार? मी ते आकडे वर्गात दाखवले, पैसे देणाऱ्या पुण्याच्या संस्थेपुढं मांडले, भर लावणीतही जाळं टिकलं म्हणून छाती फुगवून सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुला ते फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "बरं झालं." तुझा आवाज दमलेला होता. ताप हाय, उतरंल, असंही म्हणालीस.

तो उतरला नाही. प्रकाशनं तुला पुण्याला हलवलं तोवर तुझे डोळे पिवळे झाले होते आणि मूत्रपिंडांनी हात टेकले होते. डॉक्टर म्हणाले की लेप्टो आहे, चिखलपाण्यातून येतो, पायाला जखम असली की आत शिरतो. मी त्यांनाच उलट विचारलं की ही चिखलात कशाला जाईल? शेत भाऊ करतो, ही डब्यांची बाई. तुझ्या पायांना भेगा होत्या आणि घोट्याजवळ सायलेन्सरचा चटका बसल्याचा डाग होता. मी ते सगळं बघितलं आणि मला काहीच कळलं नाही. तशी मी हुशार म्हणून ओळखली जाते.

आत एकेकालाच सोडत होते. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "सुले, बारा नंबरचं बघ." मी म्हटलं, बघते, त्या टेम्पोवाल्याचे कानच उपटते, चार दिवस झाले फिरकला नाही मेला. आणि तू हसलीस. एवढ्या नळ्यांतून, एवढ्या धापेतून, खुदकन. हसता हसता खोकला आला, नर्स धावली आणि मला बाहेर काढलं. तुला कशाचं हसू आलं, हे मी घरी पोचेपर्यंत शोधत होते. मला वाटलं, चला, हसतेय म्हणजे बरी होईल. तू गेलीस ती त्याच्या दुसऱ्या दिवशी.

दहाव्याला मी नदीवर आले ती मनात त्या टेम्पोवाल्याला शोधतच. हे सांगायला लाज वाटत नाही, कारण राग कुणावर तरी काढायला हवाच होता. तू दवाखान्यात गेल्यापासून पलीकडून एक निरोप आलेला नव्हता, आणि पलीकडं काही पोचतही नव्हतं. म्हणजे हा बाबा ऐन वेळी डबा घेऊन घरी बसला, असं मी धरून चालले होते. पलीकडच्या वाड्यांतली माणसं दुधाच्या गाडीत दाटीवाटीनं बसून, नुकत्याच मोकळ्या झालेल्या वरच्या अंगाच्या रस्त्यानं, डेअरीवर न जाता थेट घाटावर उतरली होती. घाटावर रेंज नाही. त्यात आशाताई कमल होती. तिचे डोळे रडून सुजले होते. मी तिला बाजूला घेऊन विचारलं की रेशनचा टेम्पोवाला आलाय का.

कमल म्हणाली, "कुटला टेम्पो? लावनीत कोन येतंय आमच्याकडं? विजूताईच येत हुत्या की सकाळ-सांच्याला गाडीवर. रस्ता खचला तितं गाडी ढकलत आनायच्या चिखलातनं."

विजू, तेव्हा मला तुझं ते हसणं कळलं. आणि देवाशपथ सांगते, माझं रडू तिथल्या तिथं थांबलं आणि मला तुझा असा काही संताप आला की पिंडासमोर उभं राहवेना. बारा नंबर म्हणजे तू. तुझ्या स्कूटीच्या डिकीतला डबा. रोजच्या त्या फेऱ्या तुझ्या, ते सुरेख आकडे म्हणजे तुझे पाय आणि तुझा ताप. आणि मी त्यांच्यावर टाळ्या घेतल्या.

पिंड मांडलेले होते. कावळा शिवत नव्हता. झाडावर बसून बघत होते चार-पाच, पण खाली कुणी येईना. मग नेहमीचं सुरू झालं, हिची कसली इच्छा राहिली असेल, कुणीतरी शब्द द्या. चुलत्यांनी हात जोडून सांगितलं की प्रकाशला अंतर देणार नाही. कुणी डब्यांचं नाव घेतलं. माझ्याकडंही बघितलं गेलं, पण मी तोंड उघडलं असतं तर भलतंच बाहेर पडलं असतं. तेवढ्यात घरी राहिलेलं दहीभाताचं पातेलं आणायला गेलेला प्रकाश परत आला. दुसरं वाहन मोकळं नव्हतं म्हणून तुझी स्कूटी घेऊन. ती तुला दवाखान्यात हलवल्यापासून बंद उभी होती. वाटेत डेअरीवरून आला. त्यानं गाडी चपलांच्या ढिगाजवळ लावली आणि पातेलं घेऊन खाली उतरला.

आणि कमलच्या पिशवीत घुंगरं वाजली.

पुन्हा वाजली. मग आणखी कुणाच्या तरी खिशात, मग पलीकडं बसलेल्या बायांच्या कमरेला. पलीकडच्या वाड्यांतल्या प्रत्येक फोनमध्ये तुझी ती गावंढळ घुंगरं वाजायला लागली. म्हातारी माणसं वैतागली, फोन बंद करा म्हणाली. काय झालं ते तिथं फक्त मला कळलं. डेअरीतला डबा तुला दवाखान्यात हलवल्यापासून पलीकडचे सगळे निरोप धरून बसला होता. दुधाची गाडी रोज त्याच्या पुढ्यात उभी राहायची, पण तो तिला काही देत नव्हता, कारण त्याच्या हिशेबात तू येणार होतीस. तुझ्यावरचा भरवसा इतका चढला होता आणि तूच ठेवलेल्या सावकाश चालीनं इतका थोडा उतरला होता, की दुसऱ्या कुणाचा आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. प्रकाश दारावरून गेला तेव्हा डब्याला वाटलं, आली. त्यानं सगळं ओझं तुझ्या डिकीत उतरवलं, आणि इथं फोन जवळ येताच डिकीतल्या डब्यानं ते ज्याचं त्याला दिलं.

कमल फोन वाचता वाचता उभी राहिली. तिच्या वाडीतली रेश्मा, आठवा महिना लागलेली. तिच्या रक्ताचा नमुना पौडला लॅबमध्ये दिलेला होता. लॅबनं निकाल त्याच दिवशी पाठवला होता, त्यांच्या पडद्यावर रवाना झाल्याची खूणही आली होती. त्यांचं काम झालं होतं. कमलही निर्धास्त होती, दुधाची गाडी पुन्हा यायला लागलीय, विजूताईंच्या डब्यातनं येतोय म्हणजे येणारच.

"रेश्माचा रिपोट हाय," कमल म्हणाली. "रगात लईच कमी दावतंय. आत्ताच्या आत्ता हलवाया पायजे तिला."

दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर पायात चपला न घालताच पळाला. कमल पुढं बसली, वाडीतल्या दोन बाया मागं चढल्या. मी चिखलात उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मागं कावळा शिवला की नाही ते मी बघितलंच नाही. नंतर प्रकाश म्हणाला की शिवला. असेल.

रेश्माला पुण्यात रक्त चढवलं. बाळंतपण अजून व्हायचंय, दोघं ठीक आहेत. तू ऐकत असशील तर तुला हेच आधी ऐकायचं असणार, म्हणून सांगून टाकलं. पण आणखी चार दिवस ती स्कूटी अंगणात उभी राहिली असती तर काय झालं असतं, हेही ऐक. तो निरोप तुझीच वाट बघत बसला असता. एक जिवंत बाई, तिच्या पोटातलं पोर, आणि ते दोघं तुझ्या येण्याच्या भरवशावर. तू नियम मोडलास तेव्हा हा विचार केला नव्हतास ना? तुला वाटलं, निरोप अडलेत, मला जाता येतंय, मी जाते. एवढंच. तुझ्या त्या एवढंचपुढं मी आयुष्यात कधी टिकले नाही.

पुढं संस्थेनं पुण्यात शोकसभा घेतली. हॉलमध्ये तुझा फोटो, मोठा हार, समई. बारा नंबर कोण होतं हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, आणि त्यावर प्रत्येक जण गहिवरून बोलत होता. तू रोज तापात कशी फिरलीस, अशी निष्ठा कशी दुर्मीळ झाली आहे. एक गृहस्थ म्हणाले की विजयाताई म्हणजेच हे जाळं होतं, आणि त्याला आता त्यांचंच नाव द्यावं. लावणीतल्या त्या आकड्यांचा तक्ता पडद्यावर लावलेला होता, तोच, माझ्या हातचा. दुसऱ्या तालुक्यांत तो दाखवणार होते.

मी उठले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, मी बरेच बोलले. म्हटलं, हा तक्ता काढा. हे आकडे जाळ्याचे नाहीत, एका बाईच्या मरणाचे आहेत. लावणीत जाळं टिकलं नाही, ते तुटलं, आणि ती फट हिनं स्वतःच्या अंगानं बुजवली, म्हणून ती कुणाला दिसली नाही. ती दिसली असती तर आज आपण टॉवरवाल्यांना आणि सरकारला विचारलं असतं की मोकळ्या बंगल्यांना टॉवर परवडतो तर आठव्या महिन्यातल्या बाईला का परवडत नाही. एखादी व्यवस्था चालायला रोज कुणीतरी चिखलातून गाडी ढकलावी लागत असेल, तर ती चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याला निष्ठा म्हणून हार घालू नका.

चहाला माझ्याजवळ कुणी आलं नाही. प्रकाश तेवढा आला आणि म्हणाला, "ताई आसती तर तुमच्याशी भांडली आसती." मी म्हटलं, त्यासाठी ती असायलाच पाहिजे होती ना.

मी तुझ्यावर रागावले आहे कारण तू त्यांचं काम सोपं केलंस. टॉवर नाकारणाऱ्यांचं, टाळ्या वाजवणाऱ्यांचं, आणि माझंही. एक फोन करायला काय झालं होतं? सुले, जमत नाही गं, निरोप पडून राहतायत, आकडे वाईट येऊ देत, असं म्हणाली असतीस तर मी कुरकुरले असते, चिडले असते आणि दुसऱ्या दिवशी मालेला आले असते. तुला माहीत होतं मी येईन. म्हणूनच सांगितलं नाहीस. मी आले असते तर मीही त्या चिखलात उतरले असते, आणि ते तुला नको होतं. हे मला आत्ता लिहिता लिहिता कळतंय, आणि त्यानं राग कमी होण्याऐवजी वाढतोच आहे.

काल सकाळी मी डेअरीत गेले. आधी पलीकडच्या वाड्या केल्या, एकेक अंगणवाडी, एकेक शाळा, डेअरी शेवटी ठेवली होती. तोवर लॅबचे रिपोर्ट दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती कागदावर जात होते. प्रत्येक डब्याला लॅपटॉप जोडून बारा नंबर शोधायचा आणि काढून टाकायचा. प्रत्येक ठिकाणी तुझा भरवसा सगळ्यात वर होता. थोडा उतरलेला, पण वर. संस्थेचा मुलगा म्हणाला होता की पुण्यात बसून एक आज्ञा पाठवली तर ती दुधाच्या गाडीसोबत वाड्यावाड्यांत जाऊन तो काढून टाकेल. मी नको म्हटलं. डेअरीत बाया दूध घालत होत्या. एकीनं माझ्यासाठी पाट सरकवला. मी तुझा नंबर काढला, आणि डब्यानं जरा वेळ घेऊन पुढचा आकडा वर आणला, दुधाच्या गाडीचा. बाहेर तीच गाडी उभी होती. त्यात निरोप उतरत गेले. आता ते उशिरा पोचतील. किती उशिरा, ते सगळ्यांना दिसेल. मी ते दाखवत फिरणार आहे.

आणि हो, विसरायचा वेग मी बदलला नाही. सावकाशच ठेवलाय. त्या वादात तू जिंकलीस असं समजू नकोस.

डब्याला कोण येणार सांगायला, असं मी तुला याच दारात विचारलं होतं. मी आले, विजू. सांगितलं त्याला.